न चुकलेला एक बाण

मी, दादाराव श्रावण मेश्राम, वय वर्षे एकाहत्तर, मूळचा नागपूरचा, हल्ली मुक्काम स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. आणायला हवा होता. चार वर्षे कुणी आणला नाही, आणि मीही गप्प बसलो. वकीलबाईंनी याचे इंग्रजी करून घ्यावे, मात्र सहाव्या कलमातले एकही वाक्य गाळू नये.

कलम १. राहते घर पत्नी मीरा हिच्या मालकीचे राहील व तिच्यानंतर मुलगी जागृती हिला मिळेल. तळघरातला पंप रात्री घरघरतो, तेव्हा प्लंबर बोलावू नये. उजव्या अंगाला हलकी लाथ मारली की तो गप्प होतो. मीराला हे ठाऊक आहे, पण लाथ मीच मारावी असा तिचा आग्रह असे.

कलम २. ठेवी आणि निवृत्तिवेतन मीराचे. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. विद्यापीठाच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे नोकरी केली. तिथे मोडीत निघालेला सूक्ष्मदर्शक मी घरी आणला होता, तो नात अनन्या हिला द्यावा. ती नऊ वर्षांची आहे. त्याखाली साखर, मीठ आणि आजीचा पांढरा केस पाहून झालेला आहे.

कलम ४. आमच्या बौद्ध मंडळाच्या सचिव उपासनाताई यांच्याकडे माझे वीस लिटरचे पातेले २०१६ च्या बुद्धजयंतीपासून आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. मात्र ते माझे होते, हे त्यांना या कागदावरून कळावे.

कलम ५. धनुष्य, बाणांचा भाता आणि झाडावर बांधायचे लोखंडी मचाण.

हा नाद मला प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्डने लावला. गावाबाहेर त्याचे चाळीस एकर रान होते. कागदाच्या निशाण्यावर माझा बाण कधी चुकला नाही, म्हणून मला वाटले हरणावरही चुकणार नाही. पहिल्या वर्षी हरीण आले तेव्हा मी दोरी ओढली, सोडली, आणि बाण लावायचाच राहून गेला होता. दुसऱ्या वर्षी दोरी कोटाच्या बाहीत अडकली. तिसऱ्या वर्षी हरणे लांबूनच नाक फुरफुरवून पळायची. हॅरॉल्डने माझा कोट हुंगला आणि हसत सुटला. कोट मी स्वयंपाकघरामागच्या खुंटीला टांगत असे, त्यामुळे सगळे रान मीराच्या लसणाच्या फोडणीने सावध होत होते. एकदा स्टीलच्या डब्याचे झाकण अठरा फुटांवरून खाली पडले. नुसते चुकलेले बाण तर मोजलेच नाहीत. हरीण समोर आले की माझे हात लटपटत, आणि तीस वर्षांत एक सकाळ सोडली तर ते कधी थांबले नाहीत. मला त्याची फार लाज वाटे. आज वाटते, तेवढीच लाज वाट्याला आली असती तर मी सुखी माणूस असतो.

मचाण उतरवून भंगारात द्यावे. धनुष्याची दोरी कापून टाकावी. जावई कुशल याला यातले काही देऊ नये. त्याने ते मागितलेले नाही.

कलम ६. मंडळाच्या दर रविवारच्या वंदनेत पंचशील मी देतो. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिले शील मी म्हणायचे आणि सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायचे. एका बुद्धजयंतीला जेवताना यामिनीने विचारले, "काका, तुम्ही दर संडेला पंचशील देता, मग हंटिंग कसं करता यार?" ती तेव्हा पीएचडी करणारी नवीन मुलगी होती, तिने सरळ विचारले. मी ताटात पाहत म्हणालो, "मी बाण सोडतो, पण लागू देत नाही."

 मग उपासनाताईंचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी मला करुणेबद्दल शाल देण्यात आली. माझ्या फजितीचे त्यांनी पुण्य केले आणि मी ते अंगावर पांघरले. मला तो बाण लागायला हवाच होता. प्रत्येक वेळी हवा होता.

गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर जागृतीने मला एकट्याने मचाणावर चढायची बंदी केली. म्हणून कुशल सोबत येऊ लागला. त्याने माझ्यासाठी परवाना काढला, धनुष्य घेतले, बाण मात्र माझ्याच खोक्यातले, पिवळ्या पिसांचे. तो समोरच्या झाडावर बसून परीक्षेचे पेपर तपासायचा. त्याने हरणावर एकही बाण कधी सोडला नाही.

शनिवार, ३० ऑक्टोबर २०२१. मंडळाने धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम त्या वर्षी उशिरा, त्याच दुपारी ठेवला होता. सकाळी साडेआठला एक हरिणी वीस पावलांवर येऊन उभी राहिली. माझे हात लटपटले नाहीत. बाण तिच्या मागच्या मांडीत शिरला आणि ती बाणासकट झाडीत गेली.

अशा वेळी काय करायचे ते प्रत्येक शिकाऱ्याला माहीत असते. तासभर थांबायचे, मग रक्ताच्या खुणा धरून जनावर सापडेपर्यंत चालायचे, दिवस मावळला तरी. मी खाली उतरलो. पानांवर रक्त पाहिले. कार्यक्रमाला पोचायचे होते, आणि रक्ताळल्या हातांनी कुणी मला पाहू नये असेही वाटले. मी बुटाने ती पाने उलटी केली. कुशलने विचारले, "बाबा, लागलं का?" मी म्हणालो, "चुकला." चार वाजता मी पंचशील दिले.

आठ दिवसांनी यामिनीच्या घरामागे एक लंगडणारी हरिणी आली. मांडीत पिवळ्या पिसांचा बाण होता. तिने फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तशी पिसे माझी आणि कुशलचीच, आणि काका तर लागू देत नाहीत. कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

रात्री जेवणावर जागृती कुशलला म्हणाली, "तू इतका केअरलेस कसा? निदान शोधायचं तरी तिला!" कुशलने माझ्याकडे पाहिले. त्याचे सहाच्या सहा बाण भात्यात होते आणि ते मला दिसले होते, हे त्याला माहीत होते. मी भाताला वरण मागितले. तो म्हणाला, "सॉरी. चुकलं माझं."

कुशल मंडळात मुलांचा धम्मवर्ग घेत असे. तीन घरांनी मुले पाठवणे बंद केले, तेव्हा उपासनाताईंनी त्याला 'थोडे दिवस' थांबायला सांगितले. ते थोडे दिवस चार वर्षे चालले आहेत. तो येतो, शेवटच्या रांगेत बसतो आणि माझ्यामागून पंचशील म्हणतो. त्याचा आवाज मला वेगळा ऐकू येतो. अनन्याने मागच्या वर्षी मला विचारले की पप्पा हरणांशी वाईट वागतात का. मी तिला म्हणालो, पप्पांना विचार. इतका मी हलका माणूस आहे.

तरी मी जाहीर करतो की तो बाण माझा होता. तो चुकला नव्हता, आणि मी तिला शोधले नाही. कुशल गजभिये याचा यात काडीचाही दोष नाही.

~~कलम ७. माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कुणीही माझ्या करुणेविषयी बोलू नये. त्याऐवजी सहावे कलम मोठ्याने वाचावे.~~

वरील सातवे कलम मी स्वतः खोडले आहे. लिहून झाल्यावर मला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याचीच भीती वाटली. मी गेल्यावर वाचले म्हणजे तोंड मला दाखवावे लागणार नाही. चूक पुन्हा कुशलनेच बसून ऐकायची. म्हणून सहावे कलम मी आज, वंदनेआधी, मंडळाच्या सभागृहात एकोणचाळीस माणसांसमोर उभा राहून वाचले. शाल परत केली. पंचशील उपासनाताईंनी दिले.

वाचून झाल्यावर मी जागेवर जाऊन बसलो. जागृती माझ्या शेजारून उठली आणि शेवटच्या रांगेत कुशलजवळ जाऊन बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही, ते योग्यच होते. नंतर कुशल चहा घेऊन माझ्यापाशी आला. त्याने मला माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि मी तसे विचारलेही नाही.

तो म्हणाला, "बाबा, ब्लड होतं का तिथे, पानांवर?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? आपण दोघं गेलो असतो ना तिला शोधायला."

हे मी शुद्धीवर, पूर्ण समजून लिहिले आहे.

सही: दादाराव श्रावण मेश्राम

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सहावे कलम वाचले व सही केली:
१. यामिनी रामटेके
२. विवेक ढोके

स्थळ: मंडळाचे सभागृह, स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: रविवार, २ नोव्हेंबर २०२५