पत्राखालचा हुद्दा

ता. ४ जून

ती. स्व. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे पत्रच लिहिते आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मानत नाहीस. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर माणूस असाच होत असावा. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे तुझं वाक्य मी इतक्यांदा बोलून दाखवलंय की आता माझी लेकही मला तेच ऐकवते.

तर लिहिते. नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेत मी नापास झाले. चार गुण कमी पडले. लग्नाआधी केलेल्या कोर्सचं पुस्तक लग्नानंतर अठरा वर्षांनी पुन्हा हातात धरलं, पहाटे उठून सगळं दोनदा वाचलं, औषधांची नावं तर भाजी चिरतानाही घोकत होते. तरी तोंडघशी पडले. नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली आहे, सप्टेंबरात. तीही गेली तर कोर्स पहिल्या वर्षापासून करायचा, म्हणजे काही वर्षांनी माझी लेक आणि मी एकाच बाकावर बसू.

वृद्धांच्या शुश्रूषागृहात मदतनीस म्हणून जाते ते चालूच आहे. काल एका आजोबांचा सलाइनचा हात सुजत चाललेला मला आधी दिसला. तिथल्या नर्सला सांगितलं, तर माझ्या निम्म्या वयाची ती पोर नम्रपणे म्हणाली की मावशी, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला हात लावायची परवानगी नाही. तिचं काही चुकलं नाही. पण सासऱ्यांना सात वर्षं अंथरुणात सांभाळलं, त्यांच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम होऊ दिली नाही, आणि इथे मी नुसत्या उशांचे अभ्रे बदलते. रडू येतं गं.

सासूबाई म्हणाल्या, झेपत नसेल तर सोड, घरात काय कमी कामं आहेत. हे काहीच म्हणाले नाहीत, ते त्याहून वाईट.

चुकलेले जेवढे प्रश्न आठवले तेवढे सोबत पाठवते. रागावून का होईना, पण लवकर उत्तर दे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १२ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. पत्राखाली वेळ नाही, हुद्दा नाही. माझ्या वॉर्डात अशी नोंद केली असतीस तर पुन्हा लिहायला लावली असती.

नापास झालीस हे वाचून वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून तुझे प्रश्न घेऊन बसले आणि मला हसू आलं. अगं, तुझा अभ्यास कच्चा नाहीच. एकवीस प्रश्न पाठवलेस, त्यातल्या सतरांत चूक एकच आहे. रुग्णाला धाप लागली आहे, नर्स सर्वांत आधी काय करेल? तू म्हणतेस, पाणी पाजेल. रुग्ण जमिनीवर पडलेला आढळला, तर तू म्हणतेस, उचलून पलंगावर ठेवेल. हाड मोडलेलं असलं तर त्याचं काय होईल? आधी बघेल, मोजेल, विचारेल, हा पर्याय समोर असून तुला दिसतच नाही.

का दिसत नाही, तेही मला कळलं. सात वर्षं सासऱ्यांची हाक पुरी व्हायच्या आत तू धावलीस. घरात सून नुसती बघत उभी राहिली तर तिला आळशी म्हणतात. वॉर्डात न बघता धावणारी नर्स जिवावर उठते. तू सगळी उत्तरं सून म्हणून दिली आहेस. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, तेव्हा दोष थोडा माझाही आहे.

आता औषध सांगते. हात पाठीशी बांधायचे. प्रत्येक प्रश्नाला बांधायचे आणि घरातल्या प्रत्येक हाकेलाही. डोळ्यांना दिसतील त्या तीन गोष्टी तोंडानं म्हणायच्या, मगच हात सोडायचे. माझ्या मेट्रननं मला हेच करायला लावलं होतं, कारण मीही तुझ्यासारखीच न बघता धावणारी होते.

सगळ्यांना माझं यथायोग्य सांग. हट्ट सोडू नकोस, एवढीच विनंती.

तुझी आत्या,
निवृत्त वॉर्ड सिस्टर,
सकाळी दहा वाजून पाच मिनिटं


ता. २० जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या औषधाचा पहिला परिणाम असा झाला की दूध उतू गेलं. मी ओट्यासमोर हात पाठीशी बांधून उभी, फेस आला, काठाशी पोचला, वास सुटला, अशा तीन गोष्टी म्हणून होईपर्यंत दूध शेगडीवर. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि यांना सांगितलं की बायकोला आधी कुणाला तरी दाखवून आण.

पण आता त्याच माझ्या रुग्ण झाल्या आहेत. मी कामावरून आले की जेवणाआधी त्या कोचावर पडून कण्हायला लागतात. रोग रोज नवा, आणि तो मी ओळखायचा. काल एकाच वेळी त्यांचा पाय मोडला, कावीळ झाली आणि त्या बाळंतही होणार होत्या. एवढं सगळं एका बाईला होत नाही म्हटलं तर रुसल्या.

सरावाच्या पेपरात पूर्वी वीस-वीस चुका व्हायच्या, आता सहा होतात. लेक म्हणते, आई, तू प्रश्न सोडवताना अटक झालेल्या माणसासारखी दिसतेस. दिसू दे.

तब्येत जप. माझ्यावरची नजर अशीच राहू दे.

तुझी भिंगरी,
हुद्दा : सध्या तरी सून,
दुपारी तीन


ता. २९ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा सासूबाईंच्या तब्येतीची जरा गडबड झाली होती. आता बऱ्या आहेत, काळजी नसावी.

मी मात्र बरी नाही. माझ्या हातून काय होऊन बसलं असतं, हे आठवलं की पुस्तक मिटून ठेवते. परीक्षा दहा तारखेला आहे. बसू नये असं वाटतं. आपल्याला जे झेपतं ते उशांचे अभ्रेच असतील. रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ३१ ऑगस्ट

श्रीमती विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

सुनेच्या नकळत लिहिते आहे, अक्षर गोड मानून घ्यावे.

मला साखरेचा आजार आहे आणि सकाळ-दुपार इन्सुलिनची सुई घ्यावी लागते, हे आपण जाणताच. सत्तावीस तारखेला सकाळी सुई घेतली आणि मग माझं नि सुनेचं क्षुल्लक कारणावरून बिनसलं. ती कामावर गेल्यावर मी न्याहारीचं ताट तसंच बाजूला सारलं. तिला याचा पत्ता नाही. म्हातारपणी रुसायची हौस, दुसरं काय.

दुपारी ती परत आली तेव्हा मी कोचावर होते. नात म्हणाली, आज आजीनं सोंग अगदी हुबेहूब आणलंय. मला बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. जेवणाआधीच्या सुईची वेळ झाली होती, सून ती भरून घेऊनच आली. माझा दंड धरला आणि एकदम थांबली. सुई ताटलीत ठेवली, हात पाठीशी बांधले आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की ओठावर घाम आहे, बोटं थरथरतायत, आणि आज तुम्ही कण्हत नाही आहात. विहीणबाई, ती तिसरी गोष्ट ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं बोट टोचून साखर मोजली. बावन्न; सत्तरच्या खाली गेली की धोका. लगेच साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग जेवू घातलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ती सुई गेली असती तर साखर आणखी उतरून आजी राहिल्या नसत्या.

आता ही वेडी म्हणते, मी इतके दिवस सवयीनंच टोचत होते, मी कसली नर्स. परीक्षेला बसत नाही म्हणते. मी सासू पडले, मी कौतुक केलं तर तिला वेगळाच संशय येतो. झेपत नसेल तर सोड, असं जूनमध्ये मीच तिला म्हटलं होतं. ते शब्द आपण माझ्या वतीनं परत घ्यावेत.

आपली,
विहीण


ता. ५ सप्टेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस.

बेशुद्ध होता होता वाचलेल्या बाईला तू 'जरा गडबड' लिहितेस? ही नोंद झाली? भरलेली सुई तू खाली ठेवलीस, ते कुठे लिहिलंस?

तू घाबरलीस याचा मला आनंद आहे. न घाबरणारी नर्स माझ्या वॉर्डात असली की माझं अर्धं लक्ष तिच्यावरच असायचं. तुझी परीक्षा त्या कोचाशी झाली, आणि तू पास झालीस. दहा तारखेला फक्त नोंद करून यायची आहे. आणि तुझ्या सासूबाई जूनमधले आपले शब्द परत घेत आहेत, तेही इथे नोंदवते.

जाऊन ये.

तुझी आत्या,
निवृत्त वॉर्ड सिस्टर,
सकाळी सहा


ता. १४ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

परीक्षेच्या खोलीत मी प्रत्येक प्रश्नाला हात पाठीशी नेत होते. देखरेखीच्या बाईंना शंका आली. दोनदा त्या मागून येऊन माझे तळहात बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी पुटपुटत तीन गोष्टी मोजत होते. त्यांनी ऐकलं आणि मला पाण्याचा पेला आणून दिला.

गेल्या आठवड्यात निकाल लागला, काल नोंदणीही झाली. यांनी तुला फोन लावायला घेतला होता, मी काढून घेतला. सासूबाई गल्लीभर सांगत फिरतायत की परीक्षा खरं तर त्यांनीच दिली, रोग सगळे त्यांचे होते. आणि हे, जूनमध्ये एक अक्षर न बोललेले, निकालाच्या कागदासमोर हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि म्हणाले की पास लिहिलंय, नाव तुझंच आहे, आणि तू रडते आहेस. मग हात सोडले आणि माझे डोळे पुसले. आत्या, अठरा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

शुश्रूषागृहात आजपासून नर्स म्हणून रुजू होते आहे. सलाइनवाले आजोबा अजून तिथेच आहेत. पहिल्यांदा त्यांच्याकडे जाईन, आधी बघेन, मग हात लावेन.

जे लिहिलं नाही ते झालंच नाही, म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिते. मी पास झाले. हे पत्र फाइलला लाव.

तुझी भिंगरी,
नोंदणीकृत नर्स,
सकाळी सव्वासात, ड्यूटीवर निघताना