गाडीबरोबर आलेला पंप

आप्पा, तुमच्या पिकअपचा पंप काल बदलला. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मला तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही. आजही मायेनं लिहीत नाहीये. रागानं लिहितेय, आणि हा राग तुमच्या तोंडावर काढता आला नाही याचा वेगळा राग आहेच.

गाडी आता मी चालवते. तुम्ही कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाहीत, तरी चालवते. माझ्या नर्सरीतली रोपं तीच वैजापूरपर्यंत पोचवते. गेले काही दिवस मात्र जरा चढ लागला की ती गुदमरायची आणि बंद पडायची. पडेगावच्या मिस्त्रीचाचांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, फीडपंप गेला. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे खेचणारा तो पंप. पण जुना पंप खोलता खोलता ते थांबले.

"ताई, ये तो गाडीबरोबरचाच पंप आहे. बोल्टावरचा कंपनीचा रंगबी गेला नाय."

मी म्हटलं, "नाही हो चाचा, हा बदललेला आहे. माझी आजी वारली त्या दिवशी बंद पडला होता. आप्पांनी लगेच दुसऱ्या दिवशी नवा टाकला."

"कुणी टाकला? याला आजवर पान्हाच लागला नाय."

मी त्यांच्याशी वाद घातला. तुमच्या बाजूनं वाद घातला, आप्पा, हे लिहून ठेवते.

नवा पंप बसला, तरी गाडी गुदमरतच राहिली. मग चाचांनी टाकीकडून येणारी नळी हातानं चाचपत आणली, तर ती सरळ इंजिनाकडे न जाता तुमच्या सीटखाली वळलेली. रेक्झिन उचललं. खाली बोटाएवढा पितळी कॉक. आत मळी साचून तो अर्धा बंद झाला होता.

"चोरकॉक," चाचा हसले. "पहले के डायवर लोग लावायचे. हा फिरवला की डिझेल बंद. चोरानं गाडी चालू केली तरी नळीतलं संपेपर्यंतच जाणार, गल्लीच्या तोंडापर्यंत. मंग किती बी सेल मारा, चालू व्हायची नाय."

गल्लीच्या तोंडापर्यंत. मी तिथंच टायरवर बसले.

त्या दिवशीची सकाळ आहे. आईच्या माहेरून, पिशोरहून निरोप आलाय, आजीचं काही खरं नाही, लेकीचं नाव घेतेय. आई तुमच्या शेजारी बसलीय, मांडीवर मऊ भाताचा डबा, आणि मी खिडकीशी. गाडी चालू होते, गल्लीच्या तोंडाशी येते आणि बंद पडते. तुम्ही सेल मारता, पुन्हा मारता. "पंप गेला," म्हणता. शर्ट काढून गाडीखाली शिरता, ग्रीसनं माखून बाहेर येता. आई पदरानं तुमचा घाम पुसते. ऊन चढल्यावर तुम्ही म्हणता, "आता एसटीनं जावा." कन्नडपर्यंत बस, पुढं जीप. आम्ही पोचलो तेव्हा आजीला नेलेलं होतं.

मामाच्या लग्नात टोपी-उपरणं तुमच्या आधी दुसऱ्या जावयाला दिलं, तेव्हा भर मांडवात तुम्ही ओरडला होतात, "या दारात माझ्या गाडीचं चाक यायचं नाय!" रागात माणूस बोलतो, असं सगळे समजले. तुम्ही मात्र शब्द पाळलात. एका उपरण्यापायी एका लेकीला तिच्या आईचं तोंड बघू दिलं नाहीत. आणि वर तिच्याकडून घाम पुसून घेतलात! इतका हलकट माणूस माझा बाप होता, हे कळायला एक पंप खोलावा लागला.

चाचांकडून तो कॉक कापून काढला आणि घरी निघाले, आईला सगळं सांगायचंच असं ठरवून. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती.

"काय निघालं गं?" तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "पंपच आसंल. त्या दिवशीबी पंपानंच घात केला. उघड्या अंगानं गाडीखाली घुसले व्हते माझ्यासाठी. जल्मात कधी माझ्यासाठी काय केलं नाय त्यांनी. पर त्या दिवशी लई केलं."

तिच्याकडे तुमची तेवढी एकच चांगली आठवण आहे, आप्पा. ती सुद्धा खोटी.

"व्हय," मी म्हटलं. "पंपच गेला होता."

हा कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. फक्त एक कबूल करते: ते वाक्य बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. अगदी तुमच्यासारखा.