फवाऱ्याचा आवाज

प्रिय भिंगरी,

कामाची बातमी आधी देते, कारण ती सांगायला सोपी आहे. मी आता फवारणीच्या खोलीत नसते. मला तपासणीत बसवलंय. कापलेल्या तुकड्यावरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कुठे सुटलाय का ते सांगायचं. खुर्ची गुबगुबीत आहे, खिडकीही आहे. तरी सुरुवातीला मी पाहुण्यासारखी अंग चोरून बसायचे.

लहानपणी तू विचारायचीस, आई, तू विमानाला रंग देतेस का? मी सरळ हो म्हणायचे. खरं तर इंजिनाच्या पोटात पाती फिरतात, त्यांना. आतला वायू इतका तापतो, की उघडं धातूचं पातं टिकणारच नाही. म्हणून त्यावर चिनी मातीसारखा पांढरा, पातळ थर चढवायचा. पूड ज्वालेतून वितळून पात्यावर आपटते, आणि आवाज असा, की कान झाकूनही दात हुळहुळतात. मी त्या आवाजावरच काम करायचे. फवाऱ्याची तोटी झिजू लागली की सूर किंचित घोगरा व्हायचा, तो मला लगेच कळायचा. तुझे बाबा होते तेव्हा चिडवायचे, नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, तोटीची कुरकुर बरी ऐकू येते.

मागच्या महिन्यात मी फवारत होते आणि काचेपलीकडून माझी जोडीदारीण हात हलवत होती. मला वाटलं, चहाला बोलावतेय. मीही हात हलवला. तिने धावत येऊन बटण दाबलं तोवर तोटी पार गेली होती, आणि मला काही वेगळं जाणवलंच नव्हतं. ती पाती भट्टीत तापवून गार केली, तर थराचे पापुद्रे निघाले. इथेच निघाले ते बरं, आकाशात नाही. साहेब रागावले नाहीत. दार लावून म्हणाले, "बाई, एकदा कान दाखवून या." हे त्यांना दोनदा म्हणावं लागलं, तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आलं.

उजवा कान जवळजवळ गेलाय, डावा अर्धामुर्धा. माणूस समोर असला की ओठ बघून भागतं. फोनवर मात्र मी अंदाजाने हो-नाही करते. कामाबाहेर कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही.

त्या रविवारी तू बराच वेळ बोललीस. मला 'घर' आणि 'आम्ही दोघं' एवढंच कळलं. वाटलं, नवं घर घेताय. मी म्हणाले, "छान झालं गं, कधीतरी व्हायचंच होतं." तू फोन ठेवलास, तो पुन्हा केलाच नाहीस. काल मावशी आली. तिने समोर बसून सावकाश सांगितलं, की तुम्ही दोघं वेगळे होताय, आणि तू मला विचारलं होतंस, घरी येऊ का. माझं उत्तर आठवलं आणि हातातला घास तसाच राहिला. बाळा, मला ऐकू आलं नव्हतं. ये. विचारू नकोस, कळवू नकोस, नुसती ये. घंटा मला ऐकू येत नाही, म्हणून दार फक्त लोटलेलं असेल. कडी लावत नाहीये.

तुझीच,
आई