जिथे उणे होते, तिथे शून्य

४ मार्च, सोमवार
एकच आकडा हवा म्हणे! खत टाकल्यावर साऱ्या देशाच्या शेतांतून किती वायू उठतो ते एका आकड्यात सांगा. तो किती वर-खाली चुकू शकतो हे दाखवणारा पट्टा नको. संस्थेचे संचालक अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, पट्टा दिला की लोकांना वाटतं, आपल्याला काही माहीतच नाही." मग? जेवढं माहीत नाही तेवढं नाही म्हणायला लाज कसली? अहवालाच्या मसुद्याच्या समासात लिहिलं – पट्टा छापला जाईलच. खाली दोन रेघा. मी ठाम असले की दोन मारते.

५ मार्च
जेवताना मी हेच बोलत होते. लेक म्हणाली, "आई, समोर मी एकटीच आहे. माईक ठेव खाली." हसू आलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
सापडलं! सात वर्षांच्या वह्या पाहून झाल्या. शेतात डबे उपडे घालायचे, अर्ध्या तासाने सुईने आतली हवा काढायची, यंत्रावर मोजायची – अशा साडेतीन हजार नोंदी. आणि त्यांत एकही उणे आकडा नाही! कोरड्या दिवसांत वायू नावालाच असतो. मोजणी थोडी वर, थोडी खाली हलणारच. कधी माती उलट वायू ओढूनही घेते. शेकडो उणे आकडे हवेत. त्यांच्या जागी शून्यं – सुबक, गोल, ओळीने. खालची बाजू अशी छाटली की सरासरी फुगते आणि पट्टा अरुंद दिसतो. संचालकांना हवा तसा!

वह्या लिहिणारा माणूस एकच. डब्यांनी माती झाकतात म्हणून सगळे त्यांना झाकणकाका म्हणतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. नाव सार्थ केलं म्हणायचं.

११ मार्च, सोमवार
सभेत मी वीस मिनिटं बोलले, कागदाकडे न बघता. शेवटी म्हणाले, "ज्या हाताने मातीचं म्हणणं खोडलं, त्या हातात पुन्हा पेन देऊ नका." टेबलं वाजली. काका दाराशी उभे होते, शेतावरून थेट आलेले. संचालकांनी तिथल्या तिथे मान्य केलं – पट्टा रुंद करून छापू, आणि काकांना पंधरा तारखेपासून घरी बसवू. जिंकले!

बाहेर जिन्यात काका म्हणाले, "बाई, मला सांगितलं होतं तसं लिहिलं."

कोणी सांगितलं, मी विचारलं. काका बुटाचा चिखल पायरीच्या कडेला घासत राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली. आदेश आला की मान डोलवायची आणि जाब विचारला की मूग गिळून बसायचं! असल्या गप्प माणसांच्या जिवावरच सगळा खोटेपणा चालतो.

१२ मार्च
तीन जणांनी येऊन अभिनंदन केलं. संचालक माझ्याशी गोड बोलतात. त्याचाही राग येतो.

१३ मार्च
लेकीने विचारलं, "काका म्हणजे मला शेतात बेडूक दाखवायचे तेच ना?" तेच. "त्यांना काढलं? तू?" मी चूक दाखवली, म्हटलं. काढलं संचालकांनी. ती ताट उचलून आत गेली.

१४ मार्च, गुरुवार
काकांचं कपाट रिकामं करून वह्या माझ्या खोलीत आणल्या. सर्वांत जुन्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. मी इथे रुजू झाले त्या महिन्यातली. "उणे आकडा म्हणजे यंत्राची चूक. तिथे शून्य लिहावे."

अक्षर माझं. खाली दोन रेघा.

चिकटपट्टी पिवळी पडली होती, म्हणून त्यांनी वरून नवी लावली आहे. जिन्यात ही वही त्यांच्या काखेत होती.

उद्या सकाळी मी पुन्हा सभा बोलावली आहे.