ब्रेकच्या ओळीला कंस नव्हते

४ फेब्रु.
क्रेनचा कोड उघडला आणि डोकं सणकलं. एकाच फाइलमध्ये कुठे टॅब, कुठे स्पेस, कंस मनाला येईल तिथे. प्रसादचं काम. त्याला म्हटलं, इफखाली, म्हणजे अटीखाली, एकच ओळ असली तरी कंस घालायचाच, नाहीतर अट फक्त पहिल्या ओळीला लागते. म्हणे, "तुझ्या बापाचं काय जातंय रे?" कॉलर धरली मी त्याची. बाकीच्यांनी सोडवलं. लालबागला एकाच मजल्यावर वाढलो आम्ही, लहानपणापासून हेच.

५ फेब्रु.
नाडकर्णी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दोघांना झापलं. "फॉरमॅटर चालवा आणि मिटवा एकदाचं, बॉस मी आहे इथे." कोडची मांडणी आपोआप सरळ करणारा प्रोग्राम तो, मी चालवला. सगळा कोड एका फटक्यात सरळ. एवढे बदल कोण वाचत बसणार? प्रसादने न बघता ओके दिलं. मी पण नाही बघितलं. त्याचं नाक ठेचल्याचाच आनंद.

११ फेब्रु.
माझगावच्या यार्डात नवा कोड चढवला होता. हुकाला ओझं असताना ब्रेक सुटला. खाली राणे काका, तिथले फिटर. उजवा पाय चिरडला. ग्रुपवर फोटो आला. डिलीट केला, तरी दिसतोय.

१२ फेब्रु.
सापडलं. हूक रिकामा असेल तरच ब्रेक सोड, एवढंच होतं तिथे. अट आणि ब्रेकच्या मध्ये इशाऱ्याच्या दिव्याची ओळ घुसवलीय, कंस न घालता. म्हणजे अट फक्त दिव्याला. बटणाला नुसता धक्का लागला तरी ब्रेक सुटणार. आयला!
फॉरमॅटरने ब्रेकची ओळ इफच्या बाहेर काढून दाखवली होती. बघितली असती तर... कुठली ओळ शेवटी कोणी बदलली त्या रेकॉर्डमध्ये दोन्ही ओळींपुढे नाव माझं, कारण फॉरमॅटरने सरकवल्या मी. स्पेसचे बदल वगळून शोधलं. दिव्याच्या ओळीपुढे प्रसादचं नाव.

१३ फेब्रु.
मॅडम म्हणाल्या, "नाव तुझं दिसतंय." नोकरी जाणार, कदाचित पोलीसही. प्रसाद समोरच बसलेला, मान खाली. जिन्यात गाठला आणि हाणला. त्याच्या दातांनी माझी मूठ फाटली. म्हणे, "मॅडमना नको सांगूस रे, पाया पडतो." अजून हाणला. रक्त बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ फेब्रु.
परळला हॉस्पिटलात गेलो. पाय गुडघ्यापासून काढलाय. राणे काकांचा मुलगा बाहेरच उभा, माझ्याहून मोठा. कुठून आलो, क्रेनचा कोड आमचाच, ते सांगितलं.
"कोणी लिहिलं ते?"
थोबाडीत बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा बसली, ओठ फुटला. परत हात उचलला त्याने आणि माझ्या तोंडून नाव निघालं. प्रसादचं. बिल्डिंग, मजला, सगळं. माझ्या फॉरमॅटरचं एक अक्षर नाही.
तो बाइक काढून गेला. मी बाकावर बसून लिहितोय. प्रसादला फोन करायला हवा. दोनदा नंबर काढला. अजून लावलेला नाही.