पहिल्या हाकेला

३ फेब्रुवारी
आले एकदाची रत्नागिरीत. मांडवीजवळच्या या रुग्णालयाचा तातडीचा विभाग आजपासून माझ्या ताब्यात. खिडकीतून समुद्र दिसतो, डब्यात सुरमई असते. पुण्यातल्या मैत्रिणींना फोटो पाठवून जळवलं. माणसं लाघवी आहेत. खोड एकच: हाक मारली की कोणी ओ देत नाही. तिसऱ्या हाकेला मैना सिस्टर सावकाश उगवतात. त्या राजापूरकडच्या, इथल्या सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, पयल्या हाकेला ओ देत नाय आमी, हाक कोणाची म्हायत नस्ते. मला हसू आवरेना.

९ फेब्रुवारी
आज सगळ्यांना बसवून शिस्त लावली. मी नाव घेऊन काम सांगणार. ज्याचं नाव, त्याने पहिल्याच हाकेला 'ऐकलं' म्हणायचं, काम झालं की 'केलं'. मैना सिस्टरांचा चेहरा उतरला. भुतंखेतं घरी ठेवून या, असं मी सुनावलं.

२० फेब्रुवारी
घाटात मिनीबस उलटली. खाटा पुरेनात, तरी गोंधळ नाही. ऐकलं, केलं, ऐकलं, केलं. एकही जीव गेला नाही. व्यवस्थापकांनी पेढे वाटले आणि मी फुगले.

४ मार्च
अनिल, समुद्रात बुडालेला, तरुण. दीपाली सिस्टर छाती दाबत होती, मी पाठमोरी, इंजेक्शन भरत होते. तिचा आवाज आला: ऐकलं, थांबवलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. पुन्हा सुरू केलं, पण तो गेला. त्याची आई बाहेर विचारत होती, शुद्धीवर आला की चहा देऊ का. दीपाली शपथेवर सांगते, थांबव असं मॅडमच म्हणाल्या. मी तिला सर्वांसमोर खोटारडी म्हटलं आणि घरी पाठवलं.

७ मार्च
भर दुपारी. माझ्या तोंडात पाण्याचा घोट. पडद्यामागून माझा आवाज आला: मैना सिस्टर, श्रीपतींचं सलाईन काढा. श्रीपती म्हणजे हृदयविकाराने दाखल झालेले बागायतदार. मैना सिस्टर लगेच म्हणाल्या, ऐकलं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. पडद्यामागे कोणी नव्हतं.

८ मार्च
दीपालीला परत बोलावलं, माफी मागितली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नवा हुकूम काढला: मी समोर दिसल्याशिवाय कोणी ऐकायचं नाही. मैना सिस्टर म्हणाल्या, एवढी घोटून घेतलेली सवय आता एका दिवसात कशी जाणार.

९ मार्च
ड्युटीरूमची कडी निघत नाही. फोन बाहेर टेबलावर. बाहेर धावपळ — श्रीपतींचं नाव ऐकू येतंय. दार बडवलं, हाका मारल्या. कोणी ओ देत नाही.

बाहेर माझा आवाज. शांत. नावं घेऊन काम सांगतोय, माझ्यापेक्षा नीट. आणि पहिल्याच हाकेला ऐकलं — केलं — ऐकलं —

ऑक्सिजन बंद करा म्हणाला.

ओरडतेय. घसा फाटला. मैना सिस्टर विचारतायत, आत कोण हाक मारतंय? दीपाली म्हणते, ओ देऊ नका, तो आवाज मॅडमचा नाही, मॅडम तर इथे समोर —