‘जाते’ नव्हे, ‘येते’

मास्तरीणबाईंस,

थोरलीचा सलाम. (जगाची तू मास्तरीणबाई, माझी धाकटीच, पण पत्रात मान दिलेला बरा.) देवाच्या दयेने माझे गुडघे सोडून बाकी सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? औषध पोटात जावं लागतं बाई, कपाटात ठेवून गुण येत नाही.

तर काय झालं, लढाईपायी घरदार सोडून आलेली एक शिवणकाम करणारी बाई, चार वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत राहते आहे. महिला मंडळाने ठराव केला, मदत करायची. मदत म्हणजे काय, तर जुने कोट. एकवीस कोट! (एक आमच्या म्हाताऱ्याचा. त्यांना अजून पत्ता नाही.) तिला काय हवंय ते विचारलंच नाही कुणी. मी खुणेने विचारलं, तर तिने दोन बोटांची कात्री करून दाखवली. माझी दिली. आठ दिवसांत कोटांचे झगे झाले गं!

मग तिला बोलायला कुणी शिकवायचं? शिकलेल्या बायकांना वेळ नव्हता, म्हणून चौथीतून सुटलेली मी. पहिलाच धडा दिला, निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. तिला पटेना. मी दहा वेळा दारातून बाहेर जाऊन आत येऊन दाखवलं. कळलं तेव्हा तिने लेकीला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, “माझं घर सोडलं... ‘येते’ नाही म्हटलं.” मी आपला चष्मा पुसत बसले.

आता तुमच्या गावच्या शिवण कारखान्यात तिला काम लागलंय. सोमवारी हजर व्हायचं, पण राहायला जागा नाही. नाही मिळाली तर काम दुसरीला. म्हणून गुरुवारी आम्ही तिकडे आलो होतो. (तुझ्या दारावरूनच गेले. घोरणं ऐकू आलं, उठवलं नाही.) एक घरमालक म्हणाले, “बाहेरच्या माणसांना आम्ही खोली देत नाही. बरं, या आता.” ही बया हसली, लेकीच्या चपला काढल्या आणि थेट आत जाऊन खाटेवर बसली! ते ओरडतात, “अहो, या म्हणजे जा!” मी म्हटलं, तुम्हीच या म्हणालात, आता तिचं काय चुकलं? ती बिचारी उठली, दारात वळून अगदी अदबीने म्हणाली, “येते.” तर ते म्हणतात, “नको नको, येऊ नका!”

परतताना बसमध्ये आम्ही दोघी हसून हसून रडलो, आणि मला आपली आई आठवली. ती एकच ट्रंक, काखेत तू, पदराला मी, आणि दारं सगळी बंद. शेवटी दार उघडलं ते त्या नर्सबाईंनी; कुठल्या, कोण, काही विचारलं नाही. चादर बदलली आणि म्हणाल्या, “पोरींना भिंतीकडे झोपवा, पडतील.” दुसऱ्याच दिवशी तू त्यांचं थर्मामीटर फोडलंस! त्या म्हणाल्या, “असू दे, कपाळाला लावायला हात आहे की.” आठ दिवसांसाठी गेलो आणि सहा वर्षं राहिलो. तू पहिली अक्षरं त्यांच्याच फरशीवर खडूने काढलीस. काय दिवस होते गं ते!

परवा पाळकसाहेबांनी परक्याला घरात घेण्यावर पाऊण तास उपदेश केला. सगळ्यांनी डोळे टिपले. बाहेर पडल्यावर मी एकेकीला विचारलं, तर प्रत्येकीच्या रिकाम्या खोलीत नेमके पाहुणे येणार आहेत.

असो. जपून राहा.

तुझी,
थोरली

ता. क. तुझी मागची खोली अजून रिकामीच ना? सहज विचारलं.

ता. क. मंडळात मी ‘बहिणीला विचारून सांगते’ म्हणणार होते. बोलता बोलता ‘बहीण हो म्हणाली’ असं तोंडातून गेलं. पाळकसाहेबांनी तुझ्यासाठी प्रार्थनासुद्धा केली, आता ती परत कशी घ्यायची?

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या बाईने आत्ता तुझ्या हातात दिलं ना, तीच ती. पोर उन्हात उभी आहे, आणि तू वाचत काय बसलीस?